बहिणीचे अंतर मिळणेबाबत

कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला, 'अंतर कक्ष' आहे. रजा घेऊन कुणाला परगावी जायचं असेल तर ते गाव किती लांब आहे याचा दाखला आधी या कक्षातून घ्यावा लागतो. दाखल्यावरचं अंतर पाहून प्रवासाला किती दिवस लागतील ते ठरतं, आणि ते ठरल्याशिवाय रजा मंजूर होत नाही. गाव स्वतःच्या जागी कितीही वर्षं वसलेलं असो, दाखला निघेपर्यंत ते कुठेच नसतं, असं या खात्याचं साधं धोरण आहे.

या कक्षात बावीस वर्षं एकच प्रमुख लिपिक बसत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असे. बाकी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अंतरराव म्हणत. लोक अर्जात लिहीत, 'तरी मला माझ्या आईचे अंतर मिळावे ही नम्र विनंती', आणि अंतरराव देत. कुणाच्या आईला अंतर दिलं, कुणाच्या भावाला दिलं, एका नवऱ्या मुलाच्या सासरवाडीला तर लग्नाच्या आदल्या दिवशी तातडीने दिलं. आपल्या दारातून अंतर न घेता माणूस परत गेला नाही, हे ते छाती पुढे काढून सांगत. ऐकणाऱ्याने हसायचं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

मोजण्याची पद्धत ठरलेली होती. कक्षाच्या भिंतीवर लाकडी चौकटीत जगाचा नकाशा टांगलेला होता. एका गावावर टाचणी, दुसऱ्या गावावर टाचणी, मध्ये लाल दोरा ताणायचा, दोरा पट्टीवर धरायचा, आणि आलेल्या आकड्याला दोनशेने गुणायचं. वाटेत डोंगर आला, नदी आली, तरी दोऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अंतर आलं की दर आठशे किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस. हा दर केव्हा ठरला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ठरवणाऱ्याने बहुधा विमान पाहिलेलं नसावं.

एका गुरुवारी दुपारच्या सुट्टीत अंतररावांच्या ताईचा फोन आला. ताई समुद्रापलीकडे, आपल्या मुलाकडे राहत होती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि येत्या मंगळवारी सकाळी नऊला, तिच्याकडच्या नऊला, ऑपरेशन होतं.

"तुझ्या भाच्याने तुझं तिकीट काढलंय," ताई म्हणाली. "येशील ना रे?"

"येशील ना काय, येणारच. उद्या अर्ज टाकतो."

"मी बोलावतेय तुला. अर्ज कसला टाकतोस?"

"पद्धत असते, ताई."

ताई म्हणाली, "लहानपणी गळ्यात पडून म्हणायचास, ताई, मी तुला कधी अंतर देणार नाही. आणि नोकरी धरलीस ती नेमकी अंतर द्यायची. ये बाबा. तुझं तोंड बघून आत जाईन म्हणते. पुढचं डॉक्टर बघतील."

आई गेली तेव्हा अंतरराव सात वर्षांचे होते आणि ताई सोळाची. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी तीच सही करायची, आणि ती सही मोठ्या माणसाची वाटावी म्हणून आडव्या रेघा ओढायची. फोन ठेवल्यावर अंतररावांना त्या रेघा आठवल्या. दोन वाजताच ते जागेवर जाऊन बसले आणि स्वच्छ अक्षरात विषय लिहिला : 'बहिणीचे अंतर मिळणेबाबत'.

शुक्रवारी पहिली अडचण आली ती त्यांच्याच हातची होती. 'कोणत्याही कर्मचाऱ्याने स्वतःचे अंतर स्वतः मोजू नये' हा नियम त्यांनीच सुचवला होता. त्यामुळे एका दिवसापुरता कक्षाचा कार्यभार टायपिस्ट बाईंकडे देण्यात आला. अंतरराव आपल्याच टेबलासमोर, अर्जदाराच्या बाकावर बसले. बावीस वर्षांत ते त्या बाकावर बसले नव्हते. त्याचा एक पाय आखूड आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

टायपिस्ट बाईंना काम येत होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या आईला खेड्यात झटका आला तेव्हा त्या याच बाकावर बसल्या होत्या. घाट वळसे घालत साठ किलोमीटर जायचा, पण दोरा डोंगरावरून सरळ गेला आणि अकरा भरले. 'अकरा किलोमीटरला कसले प्रवासाचे दिवस?' असा शेरा अंतररावांनीच मारला होता. बाई न सांगताच निघून गेल्या, तरी उशिराच पोचल्या. परत आल्यावर त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला आणि अंतररावांनी परिपत्रक काढलं : 'अंतर हातात असल्याशिवाय कोणीही गाव सोडू नये.' ते परिपत्रक टाइप बाईंनीच केलं होतं, एकही चूक न करता.

बाईंनी दोन टाचण्या घेतल्या. आपलं शहर नकाशाच्या उजव्या टोकाला होतं, इतकं टोकाला की टाचणी अर्धी चौकटीच्या लाकडात शिरली. ताईचं शहर डाव्या टोकाला, दिव्याच्या बटणांशेजारी. बाईंनी दोरा इकडून तिकडे नेला. त्याखाली दोन महासागर, तीन खंड आणि एक वाळवंट आलं. शेवटी त्यांना स्टुलावर चढावं लागलं.

"बत्तीस हजार आठशे," त्या म्हणाल्या.

"बाई, विमान तिकडून जातच नाही. ते उजवीकडे जातं. समुद्रावरून. सात हजार शंभर किलोमीटर, नऊ तास. तिकिटावर छापलंय."

बाईंनी उजवीकडे पाहिलं. "उजवीकडे चौकट आहे."

"चौकटीच्या पुढे."

"पुढे भिंत आहे. मग खिडकी." त्यांच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता, आणि अंतररावांना तेच जास्त झोंबलं. "दोरा ढिला धरायचा नाही आणि नकाशाबाहेर न्यायचा नाही. तुम्हीच शिकवलंत."

बत्तीस हजार आठशे भागिले आठशे. जायला एक्केचाळीस दिवस, यायला एक्केचाळीस.

"मला नकोत इतके दिवस," अंतरराव म्हणाले. "मला तीन दिवस पुरेत. बाकीचं अंतर परत घ्या."

"दिलेलं अंतर परत घ्यायची तरतूद नाही," बाई म्हणाल्या आणि कागद साहेबांकडे पाठवला. शनिवार-रविवार नकाशाला सुट्टी होती.

सोमवारी अंतरराव सकाळीच साहेबांच्या दारात उभे. साहेब सज्जन होते. कुणालाही नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते कुणाला होही म्हणत नसत. अंतररावांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, त्याच्या दोन टोकांना ठिपके काढले आणि कागदाची सुरळी केली. दोन्ही ठिपके एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले.

"हे बघा साहेब. पृथ्वी गोल आहे. आम्ही शेजारी-शेजारी आहोत."

साहेबांनी सुरळी हातात घेतली, तिच्यातून खिडकीकडे पाहिलं. "पटतंय मला. मनापासून पटतंय. पण नकाशाची सुरळी केली की तो नकाशा राहत नाही, सुरळी होते. सुरळीवरून अंतर द्यायला आपल्याकडे नियम कुठाय?"

अंतररावांची नजर साहेबांच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलाकडे गेली. पितळी दांड्यावरचा, निळाशार, सुरेख गोल. "मग यावर मोजू. हा तर आपल्याच कार्यालयाचा."

"तो शोभेच्या वस्तूंच्या नोंदवहीत आहे," साहेब खेदाने म्हणाले. "फुलदाणी, भिंतीवरचं हरीण आणि हा. पृथ्वी गोल आहे हे कार्यालयाला मान्य आहे हो, पण शोभेपुरतंच."

मग त्यांनी तिकीट पाहायला मागितलं, आणि प्रकरण खऱ्या अर्थाने बिघडलं. तिकिटावर छापलं होतं : प्रस्थान मंगळवार सकाळी सात, आगमन सोमवार संध्याकाळी सहा.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "तुम्ही मंगळवारी निघणार आणि सोमवारी पोचणार. म्हणजे पोचून मग निघणार?"

"वाटेत तारीख बदलते, साहेब. समुद्रात एक रेघ आहे."

"रेघ कुणी मारली?"

"सगळ्या जगाने मिळून."

"आपल्याला पत्र आलंय का तसं?" साहेबांनी घंटी दाबून टायपिस्ट बाईंना बोलावलं, पत्रांची फाइल मागवली. फाइलमध्ये रेघ नव्हती. "आता बघा. सोमवार म्हणजे आज. आज साडेपाचला तुम्ही इथे हजेरीपटावर सही करणार, आणि आजच सहाला तिकडे उतरणार. मध्ये उरला अर्धा तास. अर्ध्या तासाचा प्रवास स्थानिक प्रवासात मोडतो. त्याला रजा लागत नाही."

अंतररावांचा जीव भांड्यात पडला. "मग मी जाऊ का, साहेब?"

"कसे जाल? दोऱ्याप्रमाणे एक्केचाळीस दिवस आहेत. एक्केचाळीस दिवसांच्या वाटेवर तुम्ही अर्ध्या तासात उतरलात तर मुदतपूर्व पोहोचल्याबद्दल मला तुमचाच खुलासा मागवावा लागेल. माझ्या हातून ते व्हायला नको."

खोलीत पंखा फिरत होता. अंतररावांनी हळू आवाजात सांगितलं, "साहेब, तिने मला वाढवलंय. तिला आत नेण्याआधी मला तिथे उभं राहायचंय. एवढंच."

साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनाही बहीण होती, आणि तिचंही अंतर त्यांनी कधीतरी काढून ठेवलं होतं. त्यांनी डोळे पुसले, कागद ओढला आणि म्हणाले, "आपण मधला मार्ग काढू. सरासरी घेऊ."

एक्केचाळीस दिवस आणि अर्धा तास यांची सरासरी वीस दिवस, बारा तास आणि पंधरा मिनिटं आली. पंधरा मिनिटांवर साहेब विशेष खूश होते. त्यात त्यांना काटेकोरपणा दिसत होता. बाईंनी आकडे दोनदा तपासले. मसुदा झाला, टाइप झाला, साडेपाच वाजले.

"सही उद्या दहाला करतो," साहेब उठत म्हणाले. "आज आवकजावक बंद झाली. दाखला घ्या आणि निवांत निघा."

"विमान सातला आहे, साहेब."

"मग दहानंतरचं घ्या."

"ते गुरुवारी आहे."

"झालं तर. गुरुवारी निघाल, बुधवारी पोचाल. एक दिवस वाचलाच की."

अंतररावांनी हजेरीपटावर सही केली आणि घरी गेले. बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती म्हणाली, "उगाच विचार करत बसू नका. उठा आणि जा. नोकरी काही पळून जात नाही, आणि पळाली तर पळू दे." अंतररावांनी मान हलवली. सकाळी टॅक्सीत बसेपर्यंत ते जाणारच होते.

विमानतळावर सहाच्या आधीच पोचले. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, बॅग वजनाला ठेवायला सांगितली. अंतररावांनी बॅग उचलली आणि हातातच धरून ठेवली.

"दाखला बघणार नाही?" त्यांनी विचारलं.

"कसला दाखला, काका?"

"अंतराचा."

"अंतर वैमानिकाला माहीत असतं," ती हसून म्हणाली. "तुम्ही फक्त बसायचं."

मागे रांग थांबली होती. कुणी अडवत नव्हतं. दार उघडं होतं, पलीकडे काचेतून विमान दिसत होतं, आणि त्या दारापासून ताई नऊ तासांवर होती. अंतररावांनी मनातल्या मनात परिपत्रक वाचलं. त्याची भाषा त्यांचीच होती. 'कोणीही' या शब्दाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रेघ ओढली होती. आपणच नियम मोडला तर टायपिस्ट बाईंच्या आईचं काय, असं त्यांच्या मनात आलं. आपण त्यांना अडवलं आणि आज स्वतः उठून गेलो, तर त्या अकरा किलोमीटरचं काय करायचं? खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. पण भीतीला तत्त्वाचा कोट घालता येतो हे ते बावीस वर्षांत शिकले होते.

"काका, जायचंय ना तुम्हाला?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"दहाला सही होईल," अंतरराव म्हणाले, आणि बाजूला झाले. सात वाजता विमान गेलं. ते उजवीकडे गेलं, चौकट ओलांडून.

दहा वाजता ते बॅग घेऊन कार्यालयात हजर होते. साहेबांनी सही केली. दाखल्यावर लिहिलं होतं : 'अर्जदाराच्या विनंतीवरून त्यांच्या बहिणीस याद्वारे अंतर देण्यात येत आहे.' टायपिस्ट बाईंनी शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. मग पहिल्यांदाच त्या नियमाबाहेरचं बोलल्या.

"मला वाटलं होतं तुम्ही जाल."

"तुम्हाला अंतर दिलं होतं ना मी. मग मी कसा जाणार?"

"मी तरी गेले होते," बाई म्हणाल्या, आणि दोरा गुंडाळायला लागल्या. अंतररावांना कुठे बघावं कळेना, म्हणून ते नकाशाकडे बघत राहिले.

गुरुवारच्या विमानालाही अंतरराव गेले नाहीत, कारण वीस दिवसांच्या वाटेवर नऊ तासांत उतरणं म्हणजे पुन्हा खुलासा. तिकडे ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन दिवसांनी ताईचा फोन आला, आवाज बारीक झाला होता.

"कुठवर आलास रे?"

"ताई, मला वीस दिवस, बारा तास—"

"तुझ्या भाच्याने सांगितलं मला. मी तेव्हा हसले, तर टाके दुखले." ती श्वास घ्यायला थांबली. "आत नेताना मी दाराकडे बघत होते. नर्स म्हणाली, कुणी यायचंय का? मी म्हटलं, यायचंय, पण तो रेघेच्या पलीकडे राहतो. तिला काही कळलं नाही. तू आला नाहीस याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता बरी झाले की मीच येते. आमच्याकडे विचारायचं नसतं कुणाला."

फोन ठेवून अंतररावांनी ताईचा दाखला ड्रॉवरमध्ये, जुन्या टाचण्यांच्या डबीखाली ठेवला. दुपारी त्यांना साहेबांचं प्रशंसापत्र मिळालं : व्यक्तिगत संकटातही अंतर राखल्याबद्दल. त्याची चौकट करून नकाशाशेजारी लावली आहे. लावताना खिळा भिंतीत जाईना, तेव्हा अंतररावांनी स्वतः हातोडी घेतली आणि दोन बोटं ठेचून घेतली.

आता हा कक्ष बंद करायचा घाटत आहे. लोकांच्या हातात फोन आले, त्यात दोन विमानतळांची नावं टाकली की किलोमीटर आणि तास आपोआप येतात. दोरा नको, टाचणी नको, साहेबांची सही नको. अंतरराव बाकावर कुणी बसलं की विचारतात, "काढलंत का अंतर? मग गेलात का?"

तुम्ही मघापासून अंतररावांना हसताय, हसा. पण तुम्हीही मागे असंच कुणाचं तरी अंतर काढलं होतं. इतके हजार किलोमीटर, इतके तास, मध्ये एक थांबा. 'बापरे, फार लांब आहे,' म्हणालात आणि फोन पालथा ठेवलात. तुमच्या कार्यालयात ना साहेब होते ना परिपत्रक. तेव्हा त्या दाखल्यावर सही कुणी केली, तेवढं एकदा बघून घ्या.